तीन महिने थांबायचं कशासाठी?

प्रश्न : मी २९ वर्षांची आहे. लग्नाला चार वर्षं झाली. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत नोकरी करते. पाळी वेळेवर येत नव्हती म्हणून तीन वर्षांपूर्वी तपासण्या केल्या, तेव्हा पीसीओडी आणि शुगर दोन्ही एकदमच निघालं. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची एक गोळी चालू आहे. गेल्या महिन्यात शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.४ टक्के आली. आम्हाला आता बाळ हवंय. डॉक्टर म्हणतात, "आधी शुगर खाली आणा, निदान तीन महिने थांबा, लागलं तर इन्सुलिन सुरू करू." सासूबाई म्हणतात, "शुगर आजकाल कोणाला नसते? सातव्या महिन्यात तपासतातच की. दिवस राहिल्यावर बघू." माझ्या चुलत नणंदेलाही शुगर होती आणि तिच्या बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं. तेव्हापासून झोप उडाली आहे. शुगरमुळे बाळात व्यंग येतं हे खरं का? इन्सुलिनचा बाळाला त्रास होत नाही ना? आणि थांबण्यात माझं वय निघून गेलं तर? – सांगली जिल्ह्यातून एक वाचक

उत्तर : तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. थांबा. आणि थांबायचं म्हणजे नुसतं देवावर सोडून थांबायचं नाही, तोपर्यंत दिवस राहणार नाहीत याची नीट काळजी घ्यायची. हे त्यांनी सांगितलं नसेल तर मी सांगते, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांनी पाहिलेली शुगर वेगळी आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात ग्लुकोज पाजून रक्त तपासतात, ७५ ग्रॅम ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी शुगर १४० किंवा त्याच्या वर गेली की 'गरोदरपणातला मधुमेह' म्हणतात. (खरं तर आपल्याकडे ही तपासणी पहिल्या भेटीतच करायची असते. सातव्या महिन्यातली ही दुसरी खेप.) तो मधुमेह बहुधा गरोदरपणाच्या उत्तरार्धात येतो, वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे आईचं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तेव्हा. त्या वेळी बाळाचे अवयव कधीच तयार झालेले असतात. त्यामुळे तिथली काळजी वेगळी : बाळ फार मोठं होणं, बाळंतपण अवघड जाणं, जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम उतरणं. तुमची शुगर मात्र बाळाच्या आधीपासून घरात आहे. ती पहिल्या दिवसापासून बाळाच्या वाट्याला येणार, आणि नेमके पहिले दिवसच नाजूक असतात.

किती नाजूक, ते कॅलेंडर घेऊन पाहा. समजा, तुमची पाळी १ तारखेला आली. गरोदरपणाचे आठवडे त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे तर पोटात काही नसतंच. १४-१५ तारखेच्या सुमारास बीज सुटतं आणि गर्भ राहायचा तर तेव्हा राहतो. पुढची पाळी २९ तारखेला यायची, ती येत नाही. आता पाळी चार दिवस पुढं गेली म्हणून कोणी दवाखान्यात धावत नाही. तुमच्यासारखी पाळी मुळातच मागेपुढे होत असेल तर महिनाभरही मनावर घेतलं जात नाही. आत मात्र काम थांबलेलं नसतं. गर्भ राहिल्यापासून २२-२३व्या दिवशी हृदयाची नळी धडधडू लागते. ज्या नळीपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती २८व्या दिवसापर्यंत दोन्ही टोकांना मिटलेली असते. २८वा दिवस म्हणजे पाळी चुकल्याला जेमतेम दोन आठवडे. आणखी महिन्याभरात हृदयाचे चार कप्पे पडतात, हातापायांची बोटं सुटी होतात, चेहरा आकाराला येतो.

या सगळ्यानंतर आपल्याकडची बाई केस पेपर काढते. "दोन महिने झाले वाटतं, डॉक्टर." रक्त तपासलं जातं, शुगर वाढलेली निघते, औषध बदललं जातं. तेव्हा शुगर उतरवण्याचाही फायदा होतोच, बाळाच्या वाढीला आणि आईला दोघांनाही. पण अवयव घडण्याचा काळ हातातून गेलेला असतो. म्हणून 'दिवस राहिल्यावर बघू' हे तुमच्या बाबतीत चालत नाही.

आता व्यंगाचं. हो, हे खरं आहे. आईच्या रक्तातली साखर गर्भाकडे सहज जाते. त्या वयात गर्भाचं स्वतःचं स्वादुपिंड कामाला लागलेलं नसतं, त्यामुळे जास्तीची साखर आवरायला त्याच्याकडे स्वतःचं इन्सुलिनही नसतं. बॉस्टनच्या जोस्लिन डायबेटिस सेंटरमध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून असं दिसलं, की साखर वाढली की गर्भाच्या पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो, मज्जारज्जूची नळी मिटवायला लागणारं पॅक्स३ नावाचं जनुक पुरेसं काम करत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. माणसात सगळं तंतोतंत असंच घडतं असा दावा मी करणार नाही, पण दिशा तीच आहे. सर्वांत जास्त दिसतात ते हृदयाचे दोष, त्याखालोखाल मेंदू आणि मज्जारज्जूचे. कमरेखालचा मणका नीट न बनण्याचा एक फार दुर्मीळ दोष आहे, त्याचा मधुमेहाशी सर्वांत घट्ट संबंध सापडतो. पण तो इतका विरळा आहे की त्याची भीती तुम्ही डोक्यात घेऊ नका. इंटरनेटवर त्याचे फोटो शोधत बसू नका, ही माझी स्वतंत्र विनंती.

हे डॉक्टर लोकांना कळायलाही वेळ लागला. इन्सुलिन सापडलं १९२१ साली, टोरोंटोत. त्याआधी मधुमेही बाईला दिवस राहणं आणि तिनं सुखरूप बाळंत होणं हीच दुर्मीळ गोष्ट होती, तेव्हा बाळाच्या व्यंगाची चर्चा कोण करणार? १९६४ साली कोपनहेगनच्या डॉक्टरांनी मोजून दाखवलं, की मधुमेही आयांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण ६.४ टक्के, तर इतरांत २.१. १९८१ साली बॉस्टनहून पुढची गोष्ट आली. गरोदरपणाच्या सुरुवातीला तीन महिन्यांची सरासरी ८.५ पर्यंत होती त्या बायकांच्या बाळांत मोठी व्यंगं ३.४ टक्के, आणि त्याहून जास्त होती त्यांच्यात २२.४ टक्के. म्हणजे प्रश्न मधुमेह आहे की नाही एवढाच नव्हता, तो त्या आठवड्यांत किती आटोक्यात आहे याचा होता.

मला स्वतःला सर्वांत पटलेला अभ्यास मात्र त्यानंतरचा, १९८३चा. तेव्हाच्या पूर्व जर्मनीत कार्ल्सबर्ग नावाच्या गावी इन्सुलिनवर असलेल्या बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासूनच कडक उपचारांत घेतलं गेलं. अशा १२८ जणींच्या बाळांत मोठं व्यंग एकाच बाळाला निघालं. ज्या २९२ जणी आठ आठवडे उलटल्यावर आल्या त्यांच्यात २२ बाळांना. यात एक मेख आहे, ती लपवत नाही. ज्या बायका आधीपासून दवाखान्यात येतात त्या मुळातच जास्त जागरूक असतात, घरचं पाठबळही असतं, त्यामुळे सगळं श्रेय शुगरलाच देता येत नाही. पण नंतर अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, स्वीडनमध्ये वेगवेगळ्या लोकांनी मोजलं तरी सूर तोच निघाला. इतक्या ठिकाणी एकच गोष्ट दिसली की मी ती मानते.

तुमच्या ९.४ चा अर्थ काय? स्वीडनमध्ये २००३ ते २०१५ मधल्या बाळंतपणांचा अभ्यास झाला. मधुमेह नसलेल्या आयांच्या बाळांत हृदयाचे दोष १.५ टक्के होते. टाइप १ मधुमेह (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) असलेल्या आयांत सरासरी ६.५ च्या खाली असेल तर ३.३ टक्के, आणि ९.१ किंवा त्याच्या वर असेल तर १०.१ टक्के. तुमचा मधुमेह टाइप २ दिसतो, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरत नाही. 'तो सौम्य असतो' असं लोक म्हणतात, पण ब्रिटनमध्ये २००२-०३ मधल्या गरोदर बायकांची पाहणी झाली तेव्हा दोन्ही प्रकारांत बाळांच्या व्यंगाचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं, हजारी ४८ आणि ४३. म्हणून स्वीडनचे आकडे तुम्हीही मनावर घ्या. फक्त ते दोन्ही बाजूंनी वाचा. आज आहे त्या शुगरवर दिवस राहिले तरी दहातल्या नऊ बाळांचं हृदय ठीक असेल. तरीही दहात एक हा धोका, तो कमी करता येत असताना, पत्करायचं काही कारण नाही. शुगर उत्तम असली तरी धोका अगदी शून्यावर येत नाही, तो कोणत्याच आईचा येत नाही. शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही मोठा दोष असतोच, आईला काहीही आजार नसला तरी.

ध्येय ६.५ च्या खाली. अमेरिकेतली आणि ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही हाच आकडा सांगतात. सरासरी १० च्या वर असेल तर दिवस राहू देऊच नका, असं ब्रिटनचे तज्ज्ञ स्पष्ट बजावतात. पण ६.५ म्हणजे पास आणि ६.६ म्हणजे नापास असं नसतं. उत्तर इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात ६.३ च्या वर प्रत्येक एका टक्क्यामागे धोका साधारण ३० टक्क्यांनी वाढत गेलेला दिसला. म्हणजे ९.४ वरून ८.४ वर आलात तरी काही कमावलंत, ७.४ वर आलात तर आणखी. खूप प्रयत्न करूनही गाडी ६.८ वर अडली आणि त्याखाली न्यायला गेलं की शुगर वारंवार ७० च्या खाली घसरून घाम फुटतो, हातपाय कापतात, असं होत असेल तर ६.८ वर पुढे जायचं की नाही हे तुम्ही आणि डॉक्टरांनी बसून ठरवायचं. मी तिथे हटून बसणार नाही.

एक तपासणी मात्र आधी करून घ्या : हिमोग्लोबिन. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्त कमी असतं. लोहाची कमतरता असेल तर तीन महिन्यांची सरासरी असते त्याहून जास्त दिसू शकते. उलट सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा अंश असेल तर ती फसवी कमीही दिसते, विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विसरून चालत नाही. त्यामुळे केवळ त्या एका आकड्यावर विसंबू नका, घरी ग्लुकोमीटर ठेवा. सकाळी उठल्याबरोबर आणि जेवणानंतर दोन तासांनी, आळीपाळीनं वेगवेगळ्या जेवणांनंतर तपासा आणि वहीत लिहा. दिवस जाण्याआधी सकाळची शुगर ९० ते १२६ च्या दरम्यान असावी असं ब्रिटनचे तज्ज्ञ सांगतात. दिवस गेल्यावर पट्टा आणखी आवळतो : उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाभरानं १४० च्या आणि दोन तासांनी १२० च्या खाली. आधीपासून सवय असेल तर तेव्हा जड जात नाही.

आता गोळ्यांबद्दल, आणि हे नीट वाचा. कोणतीही गोळी आज रात्रीपासून स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. गोळी सोडून शुगर ३०० वर गेली तर तेच सर्वांत वाईट. पण तुमच्या यादीतली एकेक गोळी डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, "मला बाळ हवंय, यातलं काय बदलायचं?" मेटफॉर्मिन बहुधा चालू राहील. ती वारेतून बाळाकडे जाते, पण तिच्यामुळे व्यंग वाढलेलं आढळलेलं नाही. ग्लिमेपिराइडच्या जागी सहसा इन्सुलिन येतं. टेल्मिसार्टन बदलावंच लागेल. त्या गटातल्या गोळ्या गरोदरपणाच्या पुढच्या महिन्यांत बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात. रामिप्रिल, एनालाप्रिलचंही तसंच. त्याऐवजी लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा अशा गोळ्या देतात. कोलेस्टेरॉलची गोळीही सहसा थांबवतात. तुमच्या पत्रात नाही, पण हे वाचणाऱ्या इतर कुणी शुगरसाठी व्हिल्डाग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन घेत असतील किंवा वजनासाठी आठवड्याला एक सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन घेत असतील, तर त्यांनीही आधीच विचारावं. ते इंजेक्शन तर निदान दोन महिने आधी थांबवायचं असतं, ते शरीरातून हळूहळू जातं.

इन्सुलिनची भीती मनातून काढून टाका. बाळाला त्रास होऊ नये म्हणूनच ते देतात. साखर वार ओलांडते, इन्सुलिन जवळजवळ ओलांडत नाही, म्हणजे सुईतलं औषध तुमच्यापाशीच राहतं आणि बाळाकडे जाणारी साखर तेवढी कमी होते. 'इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, एकदा लागलं की सुटत नाही' हे आपल्याकडचं पक्कं घर करून बसलेलं मत आहे. टाइप २ मध्ये बाळंतपणानंतर कितीतरी जणी पुन्हा गोळ्यांवर येतात. शिकून घ्यायचं ते एवढंच, की शुगर घसरली तर काय करायचं. पर्समध्ये साखरेची पुडी ठेवा, ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. पतसंस्थेत शेजारी बसणाऱ्या एखादीला हे सांगून ठेवा, लपवू नका.

फॉलिक ॲसिडची गोळी आत्तापासून सुरू करता येईल. मज्जारज्जूच्या दोषांसाठी तिचा उपयोग पक्का सिद्ध झालेला आहे. मधुमेह असलेल्यांना ब्रिटनमध्ये रोज ५ मिलिग्रॅम देतात, दिवस जाण्याआधीपासून १२ आठवड्यांपर्यंत. काही देशांत मात्रा बरीच कमी असते, तुमच्यासाठी किती ते डॉक्टर ठरवतील. तिच्याबरोबर बी१२ तपासून घ्या, हा माझा आग्रह आहे. मेटफॉर्मिन काही वर्षं घेतली की बी१२ कमी होतं, आणि शाकाहारी घरात ते आधीच कमी असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायकांचा नव्वदच्या दशकापासून अभ्यास केला. त्यांच्यातल्या बहुसंख्य जणींचं बी१२ कमी होतं. ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट (म्हणजे रक्तातलं फॉलिक ॲसिड) जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. म्हणून फॉलिक ॲसिड टाळायचं, असा त्याचा अर्थ होत नाही. दोन्हींची भर बरोबरीनं करायची.

आणि हो, शेजारच्या गावचे शुगरचे काढे, चूर्णं नकोत. त्यांत काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. मुलगा व्हावा म्हणून कोणी पुडी आणून दिली तर ती सरळ फेकून द्या. अशी औषधं घेतलेल्या आयांच्या बाळांत व्यंगाचं प्रमाण वाढलेलं हरियाणातल्या अभ्यासात आढळलं आहे. मधुमेहाचा धोका कमी करायला निघालेल्या बाईनं तो पाठीमागच्या दारानं घरात घेऊ नये.

पीसीओडीमुळे तुम्हाला वाटत असेल, चार वर्षांत काही झालं नाही तर तीन महिन्यांत काय होणार, गर्भनिरोधक कशाला? नेमकी इथेच फसगत होते. शुगर उतरायला लागली, चार किलो वजन घटलं, मेटफॉर्मिन नियमित झाली की बीज पुन्हा सुटायला लागतं. मग सरासरी ८.३ वर असतानाच अनपेक्षितपणे दिवस राहतात आणि सगळा बेत फिसकटतो. निरोध वापरा, पण प्रत्येक वेळी. किंवा सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'छाया' या आठवड्याच्या गोळ्यांबद्दल विचारा, त्यांत हार्मोन नसतं. पीसीओडीत त्या चालतील का, हे आधी डॉक्टरांकडून समजून घ्या.

खाण्यापिण्याबद्दल लोकांना नेहमी लांबलचक तक्ता हवा असतो. तो आहारतज्ज्ञांकडून तुमच्या घरच्या स्वयंपाकाला धरून करून घ्या. मी दोनच गोष्टी सांगते, कारण पुन्हा पुन्हा त्यांच्यावरच घोडं अडतं. एक, पतसंस्थेतला चहा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर आणि सोबत बिस्किटं, हे कुणाच्याच हिशेबात येत नाही, 'मी तर गोड खातच नाही' म्हणणाऱ्यांच्याही. दुसरी, उपास. संकष्टी, एकादशी, गुरुवार, त्यात नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी खाऊन दोन तासांनी एकदा शुगर तपासा, मग मला काही सांगावं लागणार नाही. त्यातून ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असताना दिवसभर उपाशी राहिलात तर संध्याकाळी शुगर धाडकन खाली येते. हे काही महिने उपास सोडा. देवाला कारण सांगायची गरज नाही आणि घरी सांगायला डॉक्टरांचं नाव पुरे. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे तुमच्याकडे घरचंच आहे. भाकरीही मोजूनच, ज्वारी म्हणजे साखर नाही असं नव्हे. जेवणानंतर २० मिनिटं चाला, अंगणात का होईना.

शुगर झपाट्यानं उतरवण्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्यायला हवी, बाहुली मोठी करून. पडद्यावर आधीच मधुमेहाचा परिणाम झाला असेल तर शुगर एकदम उतरवल्यानं आणि गरोदरपणानं तो काही काळ वाढू शकतो. आधी लेसर किंवा इंजेक्शन लागलं तर ते उरकून घेता येतं. लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि थायरॉइडही त्याच आठवड्यात. तालुक्याला हे सगळं एका जागी मिळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात एनसीडी (असंसर्गजन्य आजार) विभागात चौकशी करा, तिथे शुगर-बीपीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

वयाचं म्हणाल, तर २९ हे वय तीन किंवा सहा महिन्यांनी निसटून जाणारं नाही. तुम्ही ३८ वर्षांच्या असतात तर मी थोडी घाई केली असती, तीही शुगर सोडून नाही. सरासरीचा आकडा मागच्या तीन महिन्यांचा म्हणतात खरा, पण त्यात निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. त्यामुळे दीड-दोन महिन्यांतच खाली येणारा आकडा तुम्हाला दिसेल.

घरी कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. सासूबाईंशी वाद घालायला तुम्ही एकट्यानं जाऊ नका. हे काम तुमच्या यजमानांचं. पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या, डॉक्टरांचं म्हणणं त्यांनी स्वतः ऐकू दे. मग घरी त्यांनी सांगायचं, "आई, बाळ चांगलं व्हावं म्हणून डॉक्टरांनी औषधाचा कोर्स दिलाय. तो पूर्ण होईपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत." आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना 'थांबा' म्हटलं की काळजी वाटते, 'कोर्स' म्हटलं की समजतं. आणि त्यात खोटं काहीच नाही. सासूबाईंना एखादं काम द्या : सकाळी शुगर किती आली, ते वहीत लिहिण्याचं. जी बाई रोज आकडा लिहिते ती खिचडीचा आग्रह करत नाही.

तुमच्या चुलत नणंदेच्या बाळाबद्दल. हजारातल्या आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मतः काही दोष असतो, त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना मधुमेह नसतो. तिच्या बाळाचं छिद्र शुगरमुळेच झालं, असं कोणालाही सांगता येणार नाही. लहान छिद्रं कितीतरी वेळा आपोआप बुजतात. तिला भेटलात तर हा लेख वाचून दाखवू नका, बाळ कसं आहे ते विचारा.

आणि समजा, इतकं सगळं करूनही मध्येच पाळी चुकली? त्याच आठवड्यात घरी तपासणी करा आणि रेषा उमटली तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा, नोंदणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलची गोळी अजून बदललेली नसेल तर त्याच दिवशी फोन करून विचारा. घाबरून, केवळ आकडा पाहून गर्भपाताचा निर्णय कोणी घेऊ नये. ११ ते १३ आठवड्यांदरम्यानची सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांतली बारकाईची सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाचा इको, या तीन तपासण्या चुकवायच्या नाहीत, मग सरासरी ६.४ असो की ९.४. पहिल्या भेटीतच त्यांच्या तारखा लिहून घ्या.

आता या आठवड्यात करायचं ते : ग्लुकोमीटर, हिमोग्लोबिन, बी१२, डोळे, आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांची वेळ. सरासरी पुन्हा दोन महिन्यांनी तपासा. जो आकडा येईल तो मला कळवा, ८ आला तरी कळवा.